पाणी पिकले नव्हते

चूक आणि अपराध यांत अंतर आहे. चूक करणारा मनुष्य आपल्या चुकीपाशी उभा असतो; तिचा वास त्याच्या कपड्यांना लागतो, तिचे ओझे त्यालाच उचलावे लागते. अपराध करणारा बहुधा दूर राहतो, उंचावर राहतो, आणि वास आलाच तर खिडकी लावून घेतो. न्याय करणाऱ्याने निदान या दोघांना एका ओळीत बसवू नये. गंगलकुंट्याच्या तलावावर या चैत्रात जे घडले, त्यात एका वृद्धाची चूक होती आणि शेकडो सुशिक्षितांचा अपराध होता. लाज मात्र सगळी त्या वृद्धाच्या वाट्याला आली.

गंगलकुंटा हा हैदराबादच्या उगवतीकडचा तलाव. त्याच्या दक्षिण पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, भोयांची तीस घरे आहेत. त्यांचे आजे-पणजे निजामाच्या अमदानीत गोदाकाठ सोडून इकडे आले, आणि घरात मराठी, पाळीवर तेलुगू व बाजारात दखनी बोलत इथलेच झाले. श्रावणात कटला, रोहू, मृगळ या माशांचे बोटाएवढे बीज तलावात सोडायचे आणि फाल्गुनात पाणी उतरले की मोठे जाळे ओढायचे, हा त्यांच्या वर्षाचा क्रम. जाळे कोणत्या दिवशी पडायचे हे मच्छीमार संस्थेचा अध्यक्षही ठरवीत नसे. ते एकनाथराव ठरवीत.

एकनाथराव बाहत्तर वर्षांचे. काठावर उकिडवे बसून ते उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवीत आणि तळहाताकडे पाहत. तळहात स्वच्छ दिसला तर पाणी उपाशी. हिरव्या पाण्यात तो दिसेनासा झाला तर पाणी पिकले. माशाला चारा भरपूर आहे, आणखी वीस दिवस ठेवला तर मासा अंगाने भरेल. ही परीक्षा खोटी नव्हे, पण तिला उत्तरार्ध आहे. त्याच पाण्याची ओंजळ उन्हात धरायची. तिच्यात तिळाहून लहान जीव झटके देत फिरताना दिसले पाहिजेत. भोई त्यांना पाणपिसू म्हणतात. हिरवळ पाणपिसू खातात, पाणपिसवांना मासा खातो, माशाला बगळा खातो आणि मनुष्य खातो. ओंजळ निश्चल असेल तर ती हिरवळ कोणी खात नाही, आणि जे कोणी खात नाही ते अन्न नव्हे.

हा उत्तरार्ध एकनाथरावांनीच आपली सून त्रिवेणी हिला शिकवला होता. तिचा नवरा जाऊन आठ वर्षे झाली. तेव्हापासून जाळी विणणे, सांधणे आणि बेगम बाजारात माशांची पाटी घेऊन बसणे ही कामे करून तिने आपली मुलगी सायली हिला कॉलेजात घातले होते.

फाल्गुनातल्या त्या सकाळी सगळे पुरुष काठावर जमले होते. एकनाथरावांनी हात बुडवला, पुष्कळ वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "पिकलंय. पाडव्यानंतर टाका जाळं."

संस्थेचे अध्यक्ष हणमंतराव जरा घुटमळले. "काका, पाणी लै उतरलंय. आत्ताच ओढलं तर?"

"आत्ता ओढशील तर पाऊण किलोचा मासा निघंल. थांबशील तर सव्वा किलोचा. सबर कर."

त्रिवेणी दहा हातांवर बसून जाळ्याला वजन म्हणून लावलेले शिसे धूत होती. तिने सहज ओंजळ भरली आणि उन्हात धरली. पाणी हिरवे होते आणि मेल्यासारखे स्थिर होते. तिने ती ओतली, दुसरी भरली. तीही तशीच.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "ओंजळ बघितली का?"

"बघितली."

त्यांनी पाहिली नव्हती. दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांवर दुधाची साय धरली होती. चहा ओतताना तो बशीबाहेर जाई. घराला हे ठाऊक होते, गल्लीला ठाऊक होते, आणि कोणीही ते उच्चारले नव्हते.

"ओंजळीत काही हालत नाही, मामंजी."

पुरुषांनी माना वळवल्या. मागून कोणी म्हणाले, "वहिनी पाणी बघायला लागल्या. आता अध्यक्ष बी होतील." दोघे-तिघे हसले.

"तू शिसं बघ," एकनाथराव तिच्याकडे न पाहता म्हणाले.

तिने पदर पुढे ओढला आणि शिसे पाहू लागली. यापुढे एक शब्द बोलणे म्हणजे तीस घरांच्या पुरुषांदेखत सासऱ्याला आंधळा म्हणणे होते. तेवढे तिच्याने झाले नाही. आपल्या त्या गप्प बसण्याला ती तेव्हा मर्यादा समजली. पुढे तिनेच त्याला दुसरे नाव दिले.

पंधरा दिवसांत हिरवळ उभी राहिली. रंगाऱ्याने डबा उपडा करावा तसे पाणी दाट झाले. वारा ती साय दक्षिण काठाला लोटी आणि तिथे ती निळसर कडा धरून वाळे. तिचा वास ओल्या गोणपाटासारखा होता. तो भातात येई, पांघरुणात येई. सहज फेकलेल्या जाळ्यात कटला आला तो डोक्याने मोठा आणि अंगाने सुरीसारखा चपटा. एवढ्या हिरव्या पाण्यात तो उपाशी होता. मग पाणकावळे चिखलात पंख पसरून पडलेले सापडले. हणमंतरावांचा कुत्रा काठावर लोळला, घरी येऊन आपले हिरवे पाय चाटत बसला, आणि दुपारपर्यंत थरथरत मेला.

तलावाच्या उत्तर काठावर पंधरा-पंधरा मजल्यांचे पाच मनोरे आहेत. तेथील घरे तलाव दिसतो म्हणून महाग. एका सकाळी त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून पाळीवर आले. त्यांनी आपले नाव हर्षवर्धन असे सांगितले आणि त्रिवेणीचे बोलणे ऐकून त्यांचा चेहरा फुलला.

"अरे, तुम्ही मराठीच की! आम्ही पुण्याचे. इतकी वर्षं समोरासमोर राहतोय आणि पत्ताच नाही."

"आमाला होता पत्ता," त्रिवेणी म्हणाली.

"ताई, एक विनंती होती. तुम्ही इथे मासे वाळवता का? लोक वासाने हैराण झालेत. खिडक्या उघडता येत नाहीत."

"मासे नाही वाळवत. पाणी सडलंय."

"मग पाण्यात काही टाकता का? खत वगैरे? मासेवाले शेण टाकतात, असं मी वाचलंय."

त्रिवेणीने विणायची सुई खाली ठेवली. "चला, दाखवते काय टाकतात ते."

तिने त्यांना पाळीवरून वळसा घालून उत्तर काठावर नेले. वाटेत ते दोनदा बुटांविषयी बोलले. ती एकदाही मागे वळली नाही. मनोऱ्यांच्या भिंतीखाली वेड्या बाभळींच्या आड कमरेएवढ्या रुंदीचा एक नळ होता. त्यातून करडे पाणी धो धो पडत होते आणि तळाशी फेसाचा ढीग साचला होता.

"हे कुणाचं?"

"पावसाचं असेल," हर्षवर्धन म्हणाले.

"फाल्गुनात?"

त्यांनी फेसाकडे पाहिले. "आमचा शुद्धीकरणाचा प्लांट आहे, ताई. त्याशिवाय परवानगीच मिळत नाही."

"आहे. पण चालतो का?"

"विजेचं बिल फार यायचं. म्हणून कमिटीने ठरवलं, की तात्पुरतं..."

"कधीपासून तात्पुरतं?"

"मी गेल्याच वर्षी सेक्रेटरी झालो."

"तुमच्या घरी कपड्याला कुठला साबण लावता, ते मला हितं वासावर कळतंय, दादा. अन् तुमी मला शेणाचं विचारता."

हर्षवर्धनांनी नळाचे छायाचित्र काढले, ते ग्रुपवर टाकतो म्हणून सांगितले, आणि बूट झटकीत गेले. पुढे काही झाले नाही. त्यांनी ते टाकले असेल. त्यावर हात जोडल्याच्या चित्रांची रांगही लागली असेल. नळ वाहतच राहिला.

त्याच आठवड्यात सायलीने लोणच्याची रिकामी बरणी भरून पाणी कॉलेजात नेले. संध्याकाळी ती बसमधून उतरली तीच बोलत.

"मम्मी, कॉलेजातल्या इंदुताई मॅडमनी मायक्रोस्कोपखाली बघितलं. हे आपलं रेग्युलर हिरवं नाहीच म्हणे. निळं-हिरवं वेगळंच असतं. पाणपिसू ते खात नाहीत, खाल्लं तर खलास. आणि ते मरताना पाण्यात विष सोडतं. माशाच्या कलेजीत जाऊन बसतं ते."

"शिजवल्यावर जातं का?"

"नाही जात. उकळून बी नाही. किती आहे ते टेस्टला पाठवलंय, आठ दिवस लागतील. तोवर खाऊ नका, कुणाला खिलवू नका, असं मॅडम बोलल्या."

एकनाथराव भिंतीला टेकून जेवत होते. त्यांचा हात थांबला. "आता पाणी कॉलेजात शिकवतात का?" ते म्हणाले. त्यांनी ताट सरकवले आणि दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

पाडव्यानंतर दोन दिवस आभाळ दाटून राहिले. ऊन पडले नाही, वारा पडून गेला. तिसऱ्या दिवशी उजाडताना त्रिवेणी पाण्यावर गेली, तेव्हा तिला आधी आवाज ऐकू आला. शेकडो लेकरे एकदम दूध ओढीत असावीत तसा. मग तिला तोंडे दिसली. काठापासून नजर जाईल तिथवर मासे उभे होते, शेपटी खाली, तोंड वर, आणि हवा गिळत होते. पाण्यातला श्वास संपला होता. मोठे मासे आधी कलंडत होते. त्यांची पांढरी पोटे हिरव्या सायीवर एकामागून एक उमटू लागली.

तिच्या ओरडण्याने वस्ती धावली. हणमंतरावांनी फोन लावला आणि सात वाजता पाळीवर बर्फाची लॉरी उभी राहिली. तिच्याबरोबर युवराज आला. भोवतालच्या सगळ्या तलावांचा मासा तो उचलीत असे.

"हालतंय तोवर काढा," तो लॉरीवरूनच म्हणाला. "बर्फात गेलं की मेलेलं काय अन् जितं काय. संध्याकाळी शहराच्या ताटात."

जाळी पडली. पुरुष छातीभर हिरवळीत उतरले. त्यांच्या दंडांवर लाल चट्टे उठले, डोळे चुरचुरू लागले, तरी कोणी बाहेर आले नाही. टोपल्यांमागून टोपल्या काठावर आल्या. शेवटची टोपली आल्यावर त्रिवेणी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"हे विकायचं नाही," ती म्हणाली. आणि कुत्र्याचे, पाणकावळ्यांचे, बरणीचे, कलेजीतल्या विषाचे, जे जे ठाऊक होते ते सगळे तिने सांगितले.

हणमंतराव पाण्यातून निथळत वर आले. "वहिनी, तीस घरं आहेत. वर्ष गेलं आमचं. टेस्ट आली का हातात? नाही ना? मग?"

"म्हणूनच म्हणते. येऊ द्या आधी."

"आठ दिवस हे काय वाट बघणार हाय का?"

युवराज हसला. "अम्मा, शहर लै मोठं आहे. कुणाच्या पोटात काऊन दुखलं, कोण शोधत बसतं?"

सगळ्यांनी एकनाथरावांकडे पाहिले. त्यांच्या शब्दाशिवाय मासा पाळीवरून हालत नसे. ते दगडावर बसून होते. टोपल्यांतली तडफड त्यांना दिसत नव्हती, ऐकू येत होती. तीस घरांचे वर्ष त्यांच्या शब्दावर थांबले होते आणि त्यांच्या शब्दावर बुडाले होते. उरलेसुरलेही त्या घरांच्या हातांतून काढून घेण्याचे बळ त्यांच्यात नव्हते.

"जाऊ द्या," ते म्हणाले.

त्रिवेणीने टोपल्यांकडे पाहिले. मग ती म्हणाली, "बरं. तर मग गंगम्माचा घास आधी होऊ द्या."

मोठे जाळे निघाले की पहिला मासा पाळीवरच शिजवायचा, त्यातला एक तुकडा गंगम्माला म्हणून पाण्यात सोडायचा, आणि प्रत्येक घराने एक घास खाऊन मगच बाकीचा मासा विकायला धाडायचा, ही तिथली रीत होती. ती कोणी मोडली नव्हती, आणि देवीचे नाव निघाल्यावर आज मोडावी कशी हे कोणाला सुचेना.

तिने तीन दगड मांडले. टोपलीतला मोठ्यात मोठा रोहू घेतला, विळीवर चिरला, आणि त्याची कलेजी काढून सगळ्यांना दिसेल अशी तळहातावर धरली. ती सुजलेली होती आणि बोटांत पिठासारखी विरघळत होती. तीही तिने भांड्यात टाकली. हळद, मीठ, चिंच. लॉरीतून बर्फाचे पाणी टपटप गळत होते. शिजल्यावर तिने एक तुकडा पाण्यात सोडला, पळसाच्या पानांवर तुकडे मांडले, आणि पहिले पान उचलले.

"हणमंतभाऊजी, तुमच्यापासून."

हणमंतराव पानाकडे पाहत राहिले. "मी... मागून घेतो."

"मग पोरांना बोलवा. दर साली पोरंच आधी खातात."

त्यांची नात आईच्या कडेवर होती. ती आई एक पाऊल मागे सरली. त्रिवेणी पान घेऊन पुढच्याकडे गेली, त्याच्या पुढच्याकडे गेली. कोणी मान खाली घातली, कोणी हात धोतराला पुसत राहिला.

"शेठ, तुमी?"

"मी मासे खात नाही, अम्मा," युवराज म्हणाला. "आमच्यात माळकरी आहेत."

कोणी तरी हसले, आणि ते हसू तिथेच विझले.

तेव्हा एकनाथराव उठले. हाताने चाचपत आले, चुलीपाशी मांडी घालून बसले. "दे इकडं. पाणी पिकलं असं मी म्हणलो. जाऊ द्या असं बी मीच म्हणलो. पहिला घास माझा."

त्यांनी पान ओढले, तुकडा उचलला आणि ओठांपाशी नेला. त्रिवेणीने त्यांचे मनगट धरले. बावीस वर्षांत तिने सासऱ्यापुढे पदर ढळू दिला नव्हता, त्यांच्या बोटाला बोट लागू दिले नव्हते. आज सगळ्या वस्तीसमोर तिने ते मनगट असे आवळले, की तुकडा पानावर गळून पडला.

"सोड."

"नाही सोडणार."

"लोक बघतेत, त्रिवेणी."

"बघू द्या. मागल्या वक्ताला लोक बघतेत म्हणूनच गप बसले मी."

वृद्धाचा हात सैल पडला. मग ते पाळीकडे तोंड करून, जिथे माणसे असावीत अशा अंदाजाने, म्हणाले, "मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. त्या दिवशी मी ओंजळ बघितलीच नव्हती. हिनं बघितली होती. मी हिला गप केलं." ते थांबले. "माझा शब्द मागं घेतो. हा मासा पाळीवरून जाणार नाही."

युवराजने दखनीत दोन शिव्या हासडल्या आणि लॉरी फिरवली. ती दिसेनाशी झाल्यावर हणमंतराव चिखलातच बसले.

"मग आता पुरायचं हे समदं?" त्यांनी टोपल्यांकडे हात केला. "अन् ते वरून बघतील. रुमाल लावून."

"पुरायचं," त्रिवेणी म्हणाली. "त्याआधी एक काम आहे."

पाळ दुरुस्तीची पोती संस्थेच्या खोलीत होती. बायांनी वाळू भरली, पुरुषांनी खांद्यावर वाहिली. उत्तर काठावरच्या नळाच्या तोंडात एकशे दहा पोती गेली. अकरा वाजता शेवटचे पोते ठोकून बसवले, आणि नळ, कित्येक महिन्यांनी, गप्प झाला.

तीन वाजता मनोऱ्यांच्या तळघरात मोटारींच्या चाकांभोवती करडा फेस फिरू लागला. हर्षवर्धन भिंतीवरून डोकावले. त्यांचे केस विस्कटले होते.

"ताई, हे बेकायदेशीर आहे. आमच्या पार्किंगमध्ये घाण शिरलीये. इथे लहान मुलं राहतात."

"आमच्याकडं बी राहतात. प्लांट चालू करा, पोती काढतो."

"पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलवा की. त्यांना दाखवायला लै आहे आमच्यापाशी."

"असं लगेच होत नाही हो. कमिटीची मीटिंग घ्यावी लागते."

"घ्या," त्रिवेणी म्हणाली. "तुमचं पाणी मीटिंगसाठी थांबत नाही, एवढं ध्यानात ठेवा."

पोलीस आले, टोपल्या पाहिल्या, तळघर पाहिले, आणि दोन्हीकडे कागद लिहून गेले. दिवस मावळताना भिंतीपलीकडे शुद्धीकरणाच्या यंत्राची घरघर सुरू झाली आणि भोयांनी पोती काढली. इतके सोपे होते ते. एक कळ दाबायची होती. ती न दाबल्याने एक तलाव मेला होता.

पुरण्याचे काम तीन दिवस चालले. खड्डे, चुना, मासे, पुन्हा चुना. ते मासे खाऊन मेलेले बगळेही त्याच खड्ड्यांत गेले. तपासणीचा अहवाल आला, आणि इंदुताई म्हणाल्या होत्या त्याहून त्यात वेगळे काही नव्हते. बीज पुन्हा केव्हा सोडता येईल हे कोणी सांगू शकले नाही. आणि तळघर धुवायला माणसे हवीत म्हणून मनोऱ्यांनी निरोप धाडला तो भोयांच्याच वस्तीत. चौघे गेले, कारण घरात चूल पेटायची होती. ज्यांनी घाण केली त्यांची घाण, ज्यांचे अन्न तिने मारले त्यांनीच धुतली. आणि धुताना त्यांना सांगण्यात आले, की कोपरे नीट घासा.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्रिवेणी बुजवलेल्या खड्ड्याशी बसून, टोपल्या वाहून चट्टे उठलेल्या दंडांना खोबरेल लावीत होती. एकनाथराव काठी टेकीत तिच्या शेजारी येऊन बसले.

"आग होते का?" त्यांनी विचारले.

"होते."

"माझ्यावर रागावलीस?"

"हौ," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने खोबरेलाची वाटी त्यांच्या हातात दिली. "पाठीवर माझा हात पुरत नाही. सायलीला हाक मारा."

त्यांनी हाक मारली, आणि ती येईपर्यंत वाटी दोन्ही हातांनी धरून बसले.

त्या दंडांची आग शमो. सगळ्यांसमोर आपले अंधत्व उच्चारणाऱ्या त्या वृद्धाला शांत झोप लाभो. तीस घरांच्या चुली पेटत्या राहोत, आणि मनोऱ्यांतल्या माणसांना लाज नावाची गोष्ट उशिरा का होईना, प्राप्त होवो. आणि त्या संध्याकाळी या अफाट शहरात ज्या अनोळखी ताटांत ती मासळी पोहोचली नाही, त्या ताटांवर बसलेली माणसे, आपण कोणामुळे वाचलो हे कधीही न कळता, सुखाने जेवोत.